लाकुन्लेला टाळ्या वाजवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या नाटकांवर लेख आला, याचा आधी आनंदच झाला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला अर्धं पान मिळणं ही साधी गोष्ट नाही. पण लेख संपवला आणि हे पत्र लिहायला बसले. लेखकानं सगळ्या नाटकांचे दोन ढीग करून ठेवलेत. एकीकडे गाव, म्हातारी माणसं, भूतखेत, वधूमूल्य. दुसरीकडे शाळा, शहर, कोट-टाय, प्रेमविवाह. पहिली ती परंपरा, दुसरी ती आधुनिकता, आणि नाटक म्हणजे दोघींची टक्कर. नायजेरियाच्या वोले सोयिंकांच्या 'द लायन अँड द ज्युवेल'मधल्या लाकुन्ले मास्तरला लेखात सुधारकाच्या पाटावर बसवलंय आणि तो हरतो म्हणून 'आधुनिकता हरली' असा निकाल दिलाय. इथल्या कॉलेजची दोन-तीन मुलं हे कात्रण घेऊन माझ्याकडे आली. त्यांना लाकुन्लेचा प्रवेश एका स्पर्धेत करायचाय, आणि तो नायक म्हणून करायचाय. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जागा नसेल तर खुशाल काटछाट करा, पण लाकुन्लेचा आणि एसी कोमचा (ही अमा अटा आयडूंच्या नाटकातली सासू) भाग तेवढा राहू द्या.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मी नायजेरियात, तेव्हाच्या ओयो राज्यातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. राज्य सरकारनं शिक्षण मोफत केलं होतं, शाळा भराभर निघत होत्या, शिक्षक पुरत नव्हते. भारतातून आणि घानातून बरीच माणसं घेतली जात. आमच्या स्टाफरूममध्ये घानाच्या एक इंग्रजीच्या बाई होत्या. मुलींची नाटकं त्याच बसवायच्या आणि तालमीला शिस्त राहावी म्हणून मला सोबत बसवायच्या. या नाटकांशी माझी ओळख अशी झाली.

आधी लाकुन्ले. नाटक उघडतं ते शाळेच्या खिडकीतून ऐकू येणाऱ्या पाढ्यांवर. गणिताच्या बाईला हे विसरणं शक्य नाही. गावातली देखणी तरुणी सिदी डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चाललीय. मास्तर वर्ग सोडून धावत येतो, बादली हिसकावतो आणि पाणी स्वतःच्या अंगावर सांडून घेतो. त्याचा सूट जुना, स्वच्छ पण इस्त्री नसलेला आणि एक-दोन मापांनी आखूड. पायात पांढरे केलेले टेनिसचे बूट. हे सगळं सोयिंकांनी रंगसूचनेत बारकाईनं लिहून ठेवलंय. बायकांचा मेंदू पुरुषांपेक्षा लहान असतो, हे 'शास्त्र' तो सिदीला ऐकवतो. बायकोनं काट्या-चमच्यानं जेवावं, उंच टाचा घालाव्यात, लिपस्टिक लावावी ही त्याची संसाराची कल्पना. आणि सिदी वधूमूल्य मागते तेव्हा ती रानटी, कालबाह्य चाल आहे, असं म्हणून तो मोठं व्याख्यान देतो.

मराठी वाचक नेमका इथे फसतो. आपल्याकडे पैसा मुलीच्या घरून मुलाच्या घरी जातो. 'मी हुंडा घेणार नाही' म्हणणारा तरुण हातात आलेलं काहीतरी सोडत असतो, म्हणून आपण त्याला मान देतो. लाकुन्ले काय सोडतो? नाटकातल्या, म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांत द्यायचं असतं ते मुलाकडच्यांनी. तत्त्वाच्या नावाखाली तो स्वतःचा खिसा वाचवतो आहे. सिदी स्पष्ट सांगते की तसंच लग्न केलं तर गाव हसेल, मी कुमारिका नव्हते म्हणून फुकटात दिली असं म्हणेल. बदनामी तिची, बचत त्याची. नाटकाच्या शेवटी, गावचा म्हातारा बाले, म्हणजे प्रमुख, बारोका याच्याकडून फसवली जाऊन सिदी परत येते, तेव्हा हाच मास्तर उदार होऊन तिला पदरात घ्यायला निघतो आणि आता वधूमूल्याचा प्रश्नच उरला नाही म्हणून मनातून सुखावतो. याला सुधारक कसं म्हणायचं?

आपलं असं होण्याचं कारणही मला कळतं. आमच्या सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या देवलांचं 'शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला कांचनभट म्हाताऱ्या भुजंगनाथाकडून पैसे घेऊन पोटची पोर द्यायला निघतो. मुलीच्या बापाला पैसे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तो कन्याविक्रय उभा राहतो, आणि वर इथे तर नवरदेव बारोका बासष्ट वर्षांचा! पण ओयोमध्ये मी एका सहशिक्षिकेच्या लेकीच्या साखरपुड्याला बसले होते. नवरा मुलगा आणि त्याचे मित्र, चांगले शिकलेसवरलेले तरुण, मुलीच्या आईवडिलांपुढे जमिनीवर पालथे पडून साष्टांग घालत होते. दोन्ही बाजूंनी मुद्दाम बोलावलेल्या बोलघेवड्या बायका गाण्यातून घासाघीस करत होत्या. याम नावाचे कंद, मध, कोलाच्या बिया, मीठ, पामतेल यांची रास लागली होती. पैशांचं पाकीट आलं, मुलीकडच्यांनी ते सगळ्यांसमक्ष घेतलं आणि सगळ्यांसमक्ष परत केलं. आम्ही मुलगी विकत नाही, हे बोलून दाखवलं. मग मुलीला सांगितलं, या सगळ्यातलं तुला हवं ते उचल. तिनं बायबल उचललं. अंगठी त्यालाच बांधलेली होती. लेखकाला मी विचारते, हा समारंभ तुम्ही दोनपैकी कोणत्या ढिगात टाकाल?

पैसे घेण्यात वाईट काही नाही, असं मी म्हणत नाही. हीच चाल एखाद्या घरात सौदाच होऊन बसते आणि मुलीला तिथून सुटता येत नाही, हेही त्या मुलुखात मी पाहिलं. माझं म्हणणं एवढंच की चाल जुनी की नवी हे विचारून नाटक कळत नाही. पैसा कुणाकडून कुणाकडे चालला, किंमत कोण मोजतंय, आणि बोलण्याचा हक्क कुणाला आहे, हे विचारल्यावर कळतं.

बारोका तरी कुठे नुसता जुना आहे? मास्तर रागारागानं सांगतो आणि गावकरी ती गोष्ट मूकनाट्य करून दाखवतात: रेल्वेची पाहणी करायला गोरा अधिकारी आला, बारोकानं त्याला लाच चारली आणि रूळ इलुजिनले गाव टाळून दुसरीकडे गेले. रस्ता आला तर गावावरची आपली पकड सुटेल, हे त्याला नेमकं ठाऊक. पण हाच बारोका सिदीला भुलवायला निजायच्या खोलीत काय दाखवतो? तिकिटं छापायचं यंत्र! गावाची टपाल तिकिटं निघतील आणि त्यावर तुझा चेहरा असेल, असं आमिष. लागोसच्या छायाचित्रकारानं काढलेले सिदीचे फोटो मासिकात झळकलेत, आपला फोटो मात्र शौचकुपाजवळ कोपऱ्यात छापलाय, हे त्याला झोंबलेलं आहे. छापील चेहऱ्याची ताकद शाळा शिकलेल्या लाकुन्लेला कळत नाही, बारोकाला कळते. राजवाड्यातल्या नोकरांनी युनियन काढलीय आणि आज त्यांची सुट्टी आहे, हेही तो सांगतो. १९५९ मध्ये इबादानला हे नाटक पहिल्यांदा झालं, तेव्हा स्वातंत्र्य एका वर्षावर आलं होतं. पंचविशीतला लेखक आपल्या लोकांना सांगत होता की सत्ता ज्याच्या हातात आहे तो जुनंही वापरतो आणि नवंही.

आमच्या शाळेत तालमी चालू असताना शेवटच्या प्रवेशावरून, जिथे सिदी मास्तरला नाकारून बारोकाशी लग्न करायला निघते, मुलींत जुंपली. सिदीचं काम करणारी मुलगी म्हणाली, "मा, ती बारोकाकडे खुशीनं जात नाही. तिच्याकडे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही." बारोकाची थोरली बायको सादिकु झालेली मुलगी उंच, आवाजाची खणखणीत. ती म्हणाली, "चूक. ती हिशोब करतेय. बालेची शेवटची बायको झाली की तो मेल्यावर नव्या बालेच्या घरात ती थोरली होते. मास्तरच्या घरात ती काय होणार? भांडी घासणारी मॅडम." मग कुणीतरी विचारलं की बारोकानं खोटं बोलून तिला घरी बोलावलं, त्याचं काय. त्यावर वर्ग शांत झाला. इंग्रजीच्या बाईंनी निकाल दिला नाही. त्या म्हणाल्या, प्रयोगात सिदीनं मिरवणुकीत जाताना प्रेक्षकांकडे बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मुलींनी ठरवलं की बघायचं, आणि हसायचं नाही. लाकुन्लेचा पराभव कुणाच्याही चर्चेत नव्हता. 'परंपरा' आणि 'आधुनिकता' हे शब्द त्या दुपारी एकीच्याही तोंडून आले नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलींना पुढच्या काही वर्षांत सिदीसारखंच ठरवायचं होतं, म्हणून त्या एवढ्या तावातावानं बोलत होत्या.

सोयिंकांना स्वतःलाही हे लेबल मान्य नव्हतं. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन'च्या सुरुवातीच्या टिपणात त्यांनी दिग्दर्शकांना बजावलंय की याला संस्कृतींच्या टकरीचं नाटक म्हणू नका. परकी सत्ता आणि इथली संस्कृती इथल्याच भूमीवर बरोबरीच्या नात्यानं उभ्या होत्या असं त्या शब्दांत गृहीत धरलं जातं, हा त्यांचा आक्षेप. नाटकाला आधार आहे तो ओयो शहरात १९४० च्या दशकात घडलेल्या घटनेचा: राजा वारल्यावर त्याच्या मागोमाग जायचं कर्तव्य असलेल्या अश्वपालाला इंग्रज अधिकाऱ्यानं अडवलं. हा इंग्रज, पिल्किंग्ज, पूर्वजांच्या पूजेतला जप्त केलेला एगुंगुनचा पोशाख अंगावर चढवून बायकोबरोबर व्हरांड्यात टँगो नाचतो. त्याचा हवालदार अमुसा मुसलमान आहे, सरकारी नोकर आहे, तरी त्या पोशाखाकडे पाहून त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मृत्यूची वर्दी घातलेल्या माणसाशी मृत्यूविषयी कसं बोलू, असं तो विचारतो. आणि अश्वपालाचा मुलगा ओलुंडे? तो इंग्लंडमध्ये डॉक्टरी शिकत असतो. लेखाच्या हिशोबानं तो आधुनिकांच्या ढिगातला. बापाच्या जागी जीव देतो तो हाच. मला स्वतःला तो मृत्यू पटत नाही, आजही नाही. पण तो न पटण्यासाठी आधी नाटक जसं आहे तसं वाचायला हवं.

आता ज्यांच्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली त्या घानाच्या नाटककार अमा अटा आयडू. आपल्या लेखात त्यांचं नावच नाही. 'द डिलेमा ऑफ अ घोस्ट'चा पहिला प्रयोग १९६४ मध्ये घानातल्या लेगोनच्या विद्यापीठात झाला, तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. इंग्रजीच्या बाईंनी ते पातळसं पुस्तक मला वाचायला दिलं. एटो हा घरच्यांनी कर्ज काढून अमेरिकेत शिकवलेला मुलगा. तो युलाली नावाच्या अमेरिकन कृष्णवर्णीय मुलीशी लग्न करून येतो. आजी आक्रोश करते: गुलामांच्या वंशातली मुलगी आमच्या घरात! सासू एसी कोम खेड्यातून मुद्दाम गोगलगाई घेऊन येते, कारण लेकाला आवडतात. सून किळसून त्या फेकून देते. घरात धुलाई यंत्र आणि फ्रीज आले आणि आपली देणी मात्र तशीच राहिली म्हणून नणंद कडकडते. इथपर्यंत टकरीचं नाटक वाटेल. पण घर मोडतं ते कशानं? मूल इतक्यात नको, असं नवराबायकोनं मिळून ठरवलेलं असतं. घरची माणसं सुनेला वांझ समजतात, औषधी पाणी घेऊन तिचं पोट धुवायला येतात, आणि एटो गप्प बसतो. दोन शब्द बोलायचं धाडस शिकलेल्या मुलाला होत नाही. त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा बायकोला. शेवटी तो तिच्या थोबाडीत मारतो आणि ती घर सोडून जाते.

मध्यरात्री तो आईच्या दारात येऊन खरं सांगतो. एसी कोम सुनेला दोष देत नाही. परकं माणूस नियम मोडत नसतं, आपल्याच माणसानं त्याला सांगायचं असतं, हे ती लेकाला सुनावते. तिची आई वारलीय म्हणतोस, मग त्या आईचा आत्मा लेकीवर लक्ष ठेवून असेलच की, असंही म्हणते. थकून परत आलेल्या युलालीला ती हाताला धरून घरात नेते. कुठल्या घरात? एटोसाठी बांधलेल्या नव्या भागात नाही, जुन्या घराच्या दारातून. आत्म्यावरच्या श्रद्धेतूनच ती परक्या सुनेला आपली म्हणते. पुस्तकं शिकलेला एटो अंगणात एकटा उभा राहतो. या नाटकात मुलं एक गाणं म्हणतात, चौरस्त्यावरच्या भुताचं: केप कोस्टला जाऊ की एल्मिनाला जाऊ? ही दोन्ही गावं घानाच्या किनाऱ्यावर आहेत, आणि दोन्हीकडे गुलामांना जहाजावर चढवण्याआधी कोंडून ठेवायचे किल्ले आजही उभे आहेत. युलालीचे पूर्वज अशाच एखाद्या दारातून गेले असणार. ज्या आजीला तिच्या कुळाची लाज वाटते, तिला हे आठवायचं नाही. पुढे १९७० च्या 'अनोवा'मध्ये आयडूंनी हीच जखम उघडी केली. काळ १८७० च्या दशकातला. स्वतःच्या मर्जीनं लग्न केलेली अनोवा, आणि व्यापारात श्रीमंत होऊन माणसं विकत घेणारा तिचा नवरा. त्यांच्या दिवाणखान्यात राणी व्हिक्टोरियाचं चित्र आहे. ती त्याला प्रश्न विचारत राहते आणि सगळे तिलाच वेडी ठरवतात.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्याबद्दल लेखात एक परिच्छेद आहे, पण त्यात 'द ब्लॅक हर्मिट'च घेतलंय. युगांडाच्या स्वातंत्र्यावेळी, १९६२ मध्ये, कंपालाच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालेलं हे नाटक लेखकाच्या साच्यात बरोबर बसतं: शिकलेला रेमी, शहर, टोळीची बंधनं, जीव देणारी पत्नी. पण तेव्हा न्गुगी चोवीस वर्षांचे होते. पंधरा वर्षांनी, १९७७ मध्ये, केनियात लिमुरूजवळच्या कामिरीथु गावात न्गुगी वा मिरी या दुसऱ्या लेखकाबरोबर त्यांनी गिकुयु भाषेत 'न्गाहिका न्देंडा' लिहिलं. त्यात किगुंडाच्या भिंतीवर दीड एकर जमिनीचा कागद टांगलेला आहे. श्रीमंत कियोई त्याला सांगतो की तुमचं रूढीनं झालेलं लग्न हे पापच, चर्चमध्ये पुन्हा लग्न लावा. त्या लग्नाच्या थाटासाठी बँकेचं कर्ज, आणि कर्जापायी जमिनीचा लिलाव. चर्च आणि बँक दोन्ही नव्या गोष्टी, आणि त्या मिळून एका कुटुंबाला भूमिहीन करतात. न्गुगींनी इथे काळाचा सोडून मालकीचा प्रश्न विचारला.

आणि कसं बसवलं ते पाहा. शेतमजूर आणि कारखान्यातले कामगार नट होते. उघडं नाट्यगृह त्यांनीच बांधलं. तालमी सगळ्यांना खुल्या, आणि म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांनी संवाद दुरुस्त करून दिले. लग्नातलं जुनं गितीरो गाणं एका निरक्षर आजीनं ओळ न् ओळ शिकवलं. साधारण सहा आठवडे प्रयोग चालले आणि सरकारनं परवाना काढून घेतला. ३१ डिसेंबर १९७७ ला न्गुगींना पकडलं आणि वर्षभर खटल्याशिवाय तुरुंगात ठेवलं. १९८२ मध्ये ते नाट्यगृहही पाडून टाकलं. सरकारला त्या आजीच्या गाण्याची भीती कशाला वाटावी? भीती वाटली ती नाट्यगृह भरून बसलेल्या, आपली जमीन कशी गेली हे समजलेल्या माणसांची. २८ मे २०२५ ला न्गुगी गेले, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांच्या कादंबऱ्यांवर लिहून आलं. कामिरीथुवर मराठीत कुणीतरी सविस्तर लिहावं, असं मला तेव्हापासून वाटतंय.

आपल्या लेखकाविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी विषय काढला म्हणून मला बोलता आलं. माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या लेखात त्यांनी आयडूंची दोन्ही नाटकं घ्यावीत आणि स्त्रियांच्या बाजूनं वाचावीत. आणि राज्यभर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आफ्रिकन नाटकांचे प्रवेश करणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्या पुरवणीनं एखादं पान राखावं. दूरचं नाटक बसवताना तिथे पैसा, जमीन, लग्न कसं चालतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर अंगाला रंग फासून ढोल बडवायचे आणि त्याला आफ्रिका म्हणायचं, एवढंच होतं. माझ्याकडे आलेल्या मुलांना मी लाकुन्लेचा प्रवेश करू नका असं सांगितलेलं नाही. सिदीचं काम करणाऱ्या मुलीला मात्र आधी वधूमूल्याचा प्रवेश पाठ करायला दिलाय.

एसी कोमच्या शेवटच्या प्रवेशाचा मी केलेला मराठी खर्डा माझ्याकडे आहे. आपल्या लेखकांना उपयोग असेल तर पाठवून देईन.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
सांगली